ह्यांच्या नावे एक स्टिअरिंग

मी, खाली सही करणारी, ड्रायव्हिंग स्कूलची निवृत्त मालकीण आणि मास्तरीण, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. हृदयाबद्दल त्यांनी दाखला दिला नाही, नुसती मान हलवली, म्हणून ही घाई. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. मजकूर माझा असून कायद्याची भाषा वकीलबाईंनी तपासली आहे. त्या माझ्याच हाताखाली गाडी शिकल्या आणि अजूनही रिव्हर्स घेताना जीभ बाहेर काढतात.

माझ्यामागे माझे यजमान (यापुढे त्यांचा उल्लेख ‘हे’ असा होईल, कारण जन्मभर तसाच झाला आहे), एक मुलगी आणि एक जावई आहेत. ह्यांचा धंदा पुस्तकबांधणीचा. ह्यांनी बांधलेले पुस्तक उसवत नाही आणि ह्यांनी धरलेला हट्ट सुटत नाही.

कलम पहिले, घराबद्दल. राहते घर ह्यांच्या नावे आणि ह्यांच्यानंतर मुलीच्या. घर टेकडीच्या माथ्यावर आहे. रस्त्याला चढ असा, की पेपरवाला पायथ्याच्या पेटीत पेपर टाकून परत फिरतो. बांधणीचे दुकान खाली बाजारात. रोज सकाळी ह्यांना गाडीतून खाली सोडायचे आणि संध्याकाळी वर आणायचे, हे काम लग्नापासून माझ्याकडे आहे. ह्यांना गाडी येत नव्हती. माझी काळजी एवढीच आहे, की मी गेल्यावर हे ‘आता कशाला’ म्हणतील, दुकानाला कुलूप लावतील आणि वर बसून राहतील. हे एकदा बसले की उठत नाहीत, हे मी जवळून पाहिले आहे. मला मरणापेक्षा त्याची जास्त भीती वाटते. हे मृत्युपत्र मुळात त्यासाठी आहे, घर आणि ठेवी हे निमित्त.

कलम दुसरे. बँकेतल्या ठेवी ह्यांना आणि मुलीला निम्म्या-निम्म्या. मुलगी ‘मला काही नको’ म्हणेल. लहानपणापासून ती असेच म्हणते आणि मग मोठा वाटा उचलते. तिच्या म्हणण्याकडे लक्ष देऊ नये.

कलम तिसरे, शाळेची पाटी, रस्त्यात मांडायचे नारिंगी शंकू आणि खुणांचे तक्ते यांबद्दल. हे सर्व वकीलबाईंच्या धाकट्या बहिणीला, तिने शाळा काढायची म्हटले आहे. समोरच्या मास्तरांना यातले काहीही देऊ नये. माझ्या शाळेसमोर रस्ता ओलांडून त्यांनी स्वतःची शाळा थाटली आणि ‘बाईंकडे शिकलात तर गाडी स्वयंपाकघरात लावाल’ असे गिऱ्हाइकांना सांगत बसले. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये, असे वकीलबाईंकडून कळले. म्हणून समोरच्या मास्तरांना मी पहिले साक्षीदार केले आहे. बोलावल्यावर लगेच आले, भांगबिंग पाडून.

कलम चौथे, स्टिअरिंगबद्दल. हे कलम लांबेल.

नव्या लग्नात मी ह्यांना गाडी शिकवायला घेतली होती. हे रस्त्यावर सगळ्यांना वाट देत. बसला देत, सायकलला देत, पायी चालणाऱ्या म्हातारबाबांनाही देत. एकदा चौकात आम्ही इतका वेळ उभे राहिलो, की पोलीस येऊन विचारू लागला, “गाडी बंद पडली का?” ह्यांनी त्यालाही हाताने ‘आधी तुम्ही’ केले. पुढे एकदा शेजाऱ्यांच्या कुंपणाला गाडी घासली. कोणाला काही लागले नाही. पण हे खाली उतरले आणि म्हणाले, “पुस्तक चुकलं तर उसवता येतं. हे उसवता येत नाही.” त्यानंतर चालकाच्या जागेवर बसले नाहीत ते नाहीतच.

डॉक्टरांनी मान हलवली त्याच सुमारास आम्ही मुलीकडे गेलो होतो. तिथे जावईबापू कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत खेळत होते. टेबलाला चाक बसवलेले, पायाशी पेडल, आणि वळण आले की सबंध जावई कलंडत होता. गाडी कठड्यावर आपटली, कोलांटली, आणि दुसऱ्या मिनिटाला रस्त्यावर जशीच्या तशी उभी. मी म्हटले, इथे उसवता येते की.

“जावईबापू, मला असलं एक चाक घ्यायचंय.”

त्यांना इतका आनंद झाला, की ते मुलीला न सांगता ऑफिस बुडवून माझ्याबरोबर दुकानात आले.

दुकानदाराने पहिले चाक दाखवले ते जेमतेम अर्धे फिरून अडकले. मी विचारले, “हे चाक आहे का डब्याचं झाकण?” जावईबापूंचा जीव भलत्याच चाकावर जडला होता. खालून चपटे, जिकडेतिकडे बटणे, गिअर चाकाच्या मागे बोटाने बदलायचा आणि पेडल फक्त दोन.

“आई, हेच घ्या. शर्यतीत गिअरला हात न्यायला वेळ नसतो.”

“शर्यत कोणाला लावायची आहे? आणि क्लच कुठंय?”

“आई, क्लच आता कोण वापरतं?”

“आमच्या चढावर राहतो तो.”

दुकानदार मध्येच म्हणाला, “काकू, नातवासाठी बघताय का?”

“नवऱ्यासाठी. तो तिसरा डबा उघडा.”

तिसऱ्यात माझ्या मनासारखे होते. चाक खऱ्या गाडीसारखे पुरे फिरत होते. आत मोटर होती, त्यामुळे वळणावर हाताला ओढ लागत होती आणि सोडले की ते आपणहून सरळ होत होते. पेडल तीन, गिअरचा दांडा वेगळा, आणि ब्रेक दाबला तर पायाला उलटा जोर देणारा. बसून पाहताना मी खुर्ची पुढे ओढली आणि सवयीने हात वर गेला आरसा नीट करायला. दुकानदारही वर छताकडे बघू लागला. घेतले तेच. निघताना जावईबापूंनी त्या चपट्या चाकावरून एकदा हात फिरवून घेतला.

घरी ह्यांनी चाकाकडे ढुंकून पाहिले नाही. दोन दिवसांनी पाहिले ते चामड्याच्या वेष्टनाकडे. “ही कसली शिवण? तळहाताला टोचेल.” मग दाभण काढले, सगळे चामडे उसवले आणि मेणाच्या दोऱ्याने पुन्हा शिवले. शिवल्यावर ते टोचते का नाही हे बघणे आले. म्हणजे चाक धरणे आले. मी हळूच कॉम्प्युटर चालू केला.

शर्यतीत हे सगळ्यांना वाट देत. कडेला थांबत, सगळे गेले की सावकाश निघत. मुलीचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ह्यांचा खेळ पाहून जावईबापूंनी पलीकडून विचारले, “आई, बाबा शर्यतीत उभे का आहेत?” मी म्हटले, “मागून मंडळी येतायत.” एकदा ह्यांची गाडी उलटली. ह्यांनी दोन्ही हात वर केले आणि डोळे मिटले. उघडले तेव्हा गाडी चाकांवर उभी होती. “अगं, ही बघ, काही झालं नाही तिला.” मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. हे कळू दिले नव्हते, आता लिहिते आहे.

पुढे एका दुपारी आतल्या खोलीतून ह्यांचा आवाज आला, “अहो, जरा सरका की.” समोरच्या मोटारीला म्हणत होते. मी त्याच आठवड्यात परवान्याचा अर्ज आणला. शिकाऊ परवान्यावर खऱ्या गाडीत सराव केला, मग हे परीक्षेला बसले आणि पास झाले. समोरच्या मास्तरांनी ‘ओळख लावली असेल’ म्हटल्याचे कानावर आले आहे.

तर स्टिअरिंग, पेडल आणि गिअरच्या दांड्यासह, ह्यांना. जावईबापूंचा त्यावर डोळा आहे. त्यांनी घरी आल्यावर खुशाल खेळावे, पण क्लच वापरून. गाडीही ह्यांना. ती विकू नये आणि तिच्यावर कापड घालून ठेवू नये. मुलीने ‘बाबा, या वयात?’ असे म्हणू नये. मी गेल्यानंतर दुकानात सोडायला शेजारीपाजारी पुढे होतील, त्यांचे आभार मानून त्यांना घरी पाठवावे. ह्यांनी स्वतः गाडी काढावी, खाली जावे, दुकान उघडावे. रडायचे असेल तर दुकानात पोचल्यावर रडावे. डोळ्यांत पाणी असताना चढ-उतार दिसत नाही.

कलम पाचवे आणि शेवटचे. शिकवण्याच्या गाडीत मास्तरच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. आमच्या गाडीत तो अजून आहे. आज इकडे कचेरीत येताना हे गाडी चालवत होते आणि मी शेजारी होते. मुलांच्या शाळेपाशी पोरे रस्त्यात आली आणि मी माझा ब्रेक करकचून दाबला. गाडी आधीच उभी होती. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, “थांबवलीय मी.” पोरे गेली, आरशात पाहून ह्यांनी गाडी काढली.

तेव्हा सदर ब्रेक मी कोणालाही देत नाही. तो माझ्या मरणाची वाट न बघता उद्याच काढून टाकावा. राहिलेले दिवस मी ह्यांच्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघणार आहे. या रस्त्याला कडेने कोणती झाडे आहेत, हे मला अजून माहीत नाही.

स्थळ: वकीलबाईंची कचेरी, जिन्यावरची खोली
दिनांक: शिक्क्यात आहे ती
सही: मास्तरीणबाई

आमच्यासमक्ष सही झाली.
साक्षीदार पहिले: समोरचे मास्तर (काही न मिळाल्याचे मान्य)
साक्षीदार दुसरे: गॅरेजवाले मिस्त्री (ब्रेक उद्या सकाळी काढतो)