वच्छला तीन हातांवर होती

११ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

सापडलं! पान चौऱ्याऐंशी.

लेकीने, अपेक्षाने, अकोल्याच्या कॉलेजातून आणलेलं पुस्तक. माणूस चार जणांत कसा वागतो, त्याचे प्रयोग. एका खोलीत धूर सोडला. एकटी बसलेली माणसं — चारातली तीन उठून सांगायला गेली. मग सोबत दोन जण बसवले, मुद्दाम गप्प राहणारे. तेव्हा दहातला एकच उठला. बाकीचे डोळे चोळत कागद भरत राहिले.

चार वेळा वाचलं. भाकर करपली.

१२ नोव्हेंबर

ह्यांना जाऊन वर्ष झालं. पुन्हा लिहून ठेवते.

अमरावतीचा भाजीबाजार, सकाळची हर्रासी, मालाचा लिलाव. हे आमच्या फुलकोबीच्या पोत्यांना टेकले आणि मान कलली. आमच्यात रीत आहे — मालावर टेकलेल्या माणसाला उठवत नाहीत, दमला असतो. बोली संपेपर्यंत कुणी हात लावला नाही. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं."

चाळीस माणसं होती. बाजारातलीच वच्छला ह्यांच्यापासून तीन हातांवर. मी वजनकाट्यावर, पाठमोरी.

१४ नोव्हेंबर

वच्छलाजवळ आजही कुणी चहाला बसलं नाही. वर्षभर मीच सांगत फिरले ना — हिनं पाह्यलं अन् बसून राहिली!

बरं वाटलं.

नाही, खोटं. काहीच वाटलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

वच्छला दारात! पोरीचं लग्न आहे, बुधवारी हळद.

"पयली हळद तू लाव, कौशल्या."

"मी? माया हातची हळद चालते तुले?"

"माया दारी कोणी येऊन नाई राहिलं वं. तू आली त बाकीच्या येतीन."

चहा विचारला नाही. पुस्तक आणलं, ते पान मोठ्याने वाचून दाखवलं. म्हटलं, "सांग आता. काहून बसून राहिली?"

ती पानाकडे बघत होती. तिला वाचता येत नाही.

"मी त तुयाच तोंडाकडं पाहून राहिली होती," म्हणाली. "म्हटलं, घरची बायको उठत नाई, म्हणजे सूर्यभानदादा झोपलेच असन."

पत्रिका उंबऱ्यावर ठेवून गेली. कुंकू लावलेली. नाव माझं एकटीचं.

१७ नोव्हेंबर

अपेक्षाचा फोन. सगळं सांगितलं. चिडली. "काय बी बोलते ते बाई! तू त पाठमोरी होती ना, आई?"

हो म्हटलं.

१८ नोव्हेंबर

जेवण गेलं नाही.

१९ नोव्हेंबर, बुधवार

हळदीला निघाले. बाजारातल्या साऱ्या बाया असतील, त्यांच्यासमोरच सांगते.

मी पाठमोरी नव्हते. ह्यांची मान कलताना मी पाहिली. मग वच्छलाकडे पाहिलं. ती स्वस्थ बसली होती — म्हणून मी पुढचं पोतं काट्यावर चढवलं.