‘आधी तू बोल’ एवढ्या शब्दांची नक्कल मिळणेबाबत

प्रति,
मा. अभिलेख अधिकारी,
पेटंट न्यायालय.

विषय : दिवंगत पतीच्या सीलबंद साक्षीतील एका वाक्याची ध्वनिनक्कल मिळणेबाबत.
संदर्भ : दोन बिनतारी कंपन्यांमधील पेटंट दावा; आपले नकाराचे पत्र.

महोदय,

१. सविनय निवेदन असे की, माझे पती बिनतारी यंत्रांचे अभियंते होते. हवेत दोन यंत्रे एकदम बोलू लागली की दोघांचाही निरोप वाया जातो. म्हणून प्रत्येकाने आधी कान द्यावा, पलीकडचे गप्प झाले की मगच बोलावे, ही युक्ती त्यांची. पेटंट त्यांच्या कंपनीचे. प्रतिस्पर्धी कंपनीने ती युक्ती उचलली, असा दावा आहे.

२. साक्षीत वकिलांनी विचारले, कल्पना कुठे सुचली? हे म्हणाले, “घरीच. ही अन् मी एकदम बोलायचो, कुणाचंच कुणाला कळायचं नाही. शेवटी मी म्हणायचो, बरं बाई, आधी तू बोल.” आणि हसले. मागच्या बाकावर मी लाजेने चूर.

३. कोर्टात बसलेले गुंतवणूकदार मात्र हसले नाहीत. घरोघरची रीत म्हणजे शोध नव्हे, पेटंट टिकत नाही, असा त्यांनी अंदाज बांधला. कंपनीचा भाव कोसळला, समोरच्यांचा वधारला. मग कंपनीच्या विनंतीवरून साक्ष सीलबंद झाली आणि खुलाशासाठी फेरसाक्ष ठरली.

४. फेरसाक्षीआधीच हे आजारी पडले. शेअर दलाल फोन करून खोकल्याची चौकशी करीत. मी एकदा “रात्रभर डोळा लागला नाही” म्हटले, तर कंपनीचे साहेब दारात हजर : “वहिनी, असं फोनवर बोलू नका हो, बाजार पडतो.” मग मी सख्ख्या बहिणीपाशीही रडले नाही. हे गेले, तेव्हा पहिला फोन आला तो असा : “म्हणजे फेरसाक्ष आता नक्की होणार नाही ना?”

५. नक्कल दिल्यास बाजारावर परिणाम होईल, असे आपण कळवता. बाजाराने ते कधीच ऐकून पचवले, राहिले मीच. तरी प्रश्न कापावा, युक्ती कापावी. “आधी तू बोल” एवढेच ठेवावे. हसणे व्यापारी गुपितात मोडत असल्यास तेही कापावे. मी आठवून घेईन.

६. घरात मी अजून आधी कान देते. पलीकडे सामसूम असते. नियमाने पाळी माझी येते, पण त्यांनी म्हटल्याखेरीज माझ्याने तोंड उघडवत नाही.

आपल्या उत्तराकडे कान लावून बसलेली,
नम्र अर्जदार
(स्वाक्षरी)
साक्षीदाराची पत्नी

दिनांक : १४ सप्टेंबर

सोबत : मृत्यूचा दाखला, नक्कल उतरवण्यासाठी कोरा पेनड्राइव्ह.