दादासाहेब भाड्याने मिळतील

दादा,

आपल्या हॉलला ‘अंगण’ म्हणू या म्हटलं, तर काल सगळ्या पाहुण्यांसमोर हसून म्हणालास, “छोटे, तू पडदे बघ. नाव मालकाचंच लागणार.” निम्मा हॉल माझा आहे, हे हसण्याच्या भरात विसरला असशील.

असो, तुझ्या मनासारखं झालंय. पेंटर सकाळीच बोर्ड लावून गेला. वर ठळक ‘दादासाहेब’ आणि खाली ‘भाड्याने मिळतील’. बिचारा ‘मिळेल’ लिहीत होता. मी म्हटलं, आमच्याकडे थोरल्यांना अरेतुरे करत नाहीत.

नंबर तुझाच दिलाय. मोबाइल चार्जिंगला आहे, सारखा वाजतोय. एका बाईंना विचारायचंय, दादासाहेब आतून किती मोठे आहेत. खरं काय ते सांग.

– छोटी