पऱ्ह्याचा रंग

१८ डिसेंबर २०२३

घड्याळाचं नाव ठरलं. पऱ्हा!

प्रविणचं तोंड एवढंसं झालं. हा माझ्या बहिणीचा मुलगा. इंटरनेटवरचं विकणं-बिकणं तोच पाहणार. म्हणाला, "मामाजी, धानाच्या रोपाचं नाव कोनी घडीले देते का? पुन्या-मुंबईच्या लोकायले बोलताही येनार नाही."

म्हटलं, नाही आलं तर शिकतील. त्यांच्या घड्याळांची नावं आपण नाही शिकलो? जीभ पिळवटून शिकलो.

शकुनचं घरातून चालूच — "लुगडे इकून झाले, आता घड्या इका. मंग काय, आगगाड्या?" हौसेला मोल नसतं हे बायकोला कोणी सांगावं!

२३ डिसेंबर

घड्याळ डोक्यात पक्कं आहे. बारीक. मनगटावर बसलं की विसरून जावं असं. दोनच काटे — सेकंदाचा नको, तो उगीच पाठीमागे लागतो. मशीन जपानी, डबी मुंबईची, पट्टा इथल्या मागावर विणलेला. जोडून देईल नागपूरचा कारागीर. तबकडी पुण्याची.

आणि तबकडीला रंग पऱ्ह्याचा. गोसी धरणाच्या पाण्यानं आता उन्हाळी धान होतं, म्हणून थंडीतही पऱ्हे दिसतात. सकाळी शेताच्या धुऱ्यावर उभा राहून नुसतं पाहत होतो. ना पोपटी, ना पिवळा. हा रंग मी लुगड्यात जन्मभर शोधला. एकाही गिरणीनं दिला नाही. आता मीच करतो.

शाळा सातवीपर्यंत. पण पवनीच्या बाजारात बाया म्हणायच्या, रंग घ्यावा तर ताराचंदभाऊच्या डोळ्यानं. डोळा कोणी शिकवत नाही. तो असतो.

२६ डिसेंबर

पुण्याच्या तबकडीवाल्याशी फोनवर बोललो. रंग सांगितला. गोड बोलतो.

२४ जानेवारी २०२४

तबकड्या आल्या. चांदीसारख्या चकचकीत! एकूण एक!

फोन लावला. "काका, तुम्हीच म्हणालात ना, पाऱ्याचा रंग?"

पऱ्ह्याचा रे बाबा, पऱ्ह्याचा! धानाचा! तिकडून हळूच — "आमच्याकडे त्याला रोप म्हणतात."

प्रविण हसून हसून खाटेवर लोळला. मग उठून म्हणतो कसा, "मामाजी, पन दिसते भारी! हेच चालवू ना." त्यानं एकीचा फोटो टाकलासुद्धा. लोक विचारायला लागले, कुठं मिळेल.

मी नाही म्हटलं. नाव पऱ्ह्याचं आणि तोंड पाऱ्याचं? लोकांना आवडेल तेच द्यायचं तर लुगड्यांचं दुकान काय वाईट होतं? हे घड्याळ माझ्या डोळ्याचं आहे. डोळा सोडला तर यात माझं काय उरलं!

२७ जानेवारी

प्रविण फिरकला नाही. रुसला असेल. येईल.

१ फेब्रुवारी

आता शब्दांवर भरवसा नाही. रंगांचं कार्ड मागवलं आणि पऱ्हे उपटायच्या आत धानाच्या बांधीवर घेऊन गेलो. एकेक पट्टी पात्याला लावून पाहिली. सापडला! त्याचा नंबरच पुण्याला कळवला.

शकुनला दाखवलं. "पाह्य, हुबेहूब!" ती लाखोरीची भाजी खुडत होती. "हो," म्हणाली.

१९ एप्रिल

हिरवी घड्याळं जोडून आली. आज दिवसभर मनगटच पाहत बसलो. ऊन किती तापलं तेही कळलं नाही.

प्रविण म्हणाला, "वेगळा हाय." बस, एवढंच. पोराला रंगाची जाण कमी.

१० मे

अक्षय तृतीया. विक्री सुरू केली. फोटोखाली माझेच शब्द — "धानाच्या कोवळ्या पऱ्ह्याचा रंग". एका बाईनं त्याखाली लिहिलं, "कुठल्या गावचा पऱ्हा हो हा?" पत्ता पाहिजे असेल. पवनी, असं उत्तर प्रविणला द्यायला लावलं.

२७ मे

काटे जोडीजोडीनं दिसतात. भंडाऱ्याच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. मोतीबिंदू, दोन्हीकडे, चांगला पिकलेला. आधी डावा डोळा करणार.

१३ जून

पट्टी निघाली. घरी आलो तर भिंत पांढरीशुभ्र! म्हटलं, चुना कधी मारला?

शकुन म्हणाली, "दिवाळीपासून अशीच हाय."

मग सहज मनगटाकडे पाहिलं. लिहावंसं वाटत नाही.

२१ जून

खरिपाचे पऱ्हे वर आले. घड्याळ घेऊन बांधीवर गेलो. पात्याजवळ धरलं. डावा डोळा मिटला — जुळतं, हुबेहूब. उजवा मिटला — मोरपंखी! निळसर, चक्क मोरपंखी! पुन्हा डावा, पुन्हा उजवा. धुऱ्यावरून जाणाऱ्या बायांना वाटलं असेल, म्हातारा डोळे मारून राहिला.

डॉक्टर म्हणाले होते, मोतीबिंदू म्हणजे पिवळी काच. निळं खाऊन टाकते. हळूहळू चढते, माणसाला कळत नाही.

किती लुगडी अशी विकली असतील, देव जाणे.

२२ जून

शकुनला विचारलं, "तुले दिसत होतं?"

"मोरपंखी? पहिल्याच दिवशी."

"मंग सांगितलं काहून नाही?"

"तुमी इचारलंच कवा? तुमी तं सांगून राहिले होते — पाह्य, हुबेहूब!"

प्रविणलाही दिसत होतं. त्या बाईलाही. म्हणजे पत्ता नव्हता पाहिजे तिला!

२४ जून

विक्री थांबवली. ज्यांनी घेतली त्यांना खरं कळवलं, परत द्यायची तर द्या. प्रविण चिडला. "लोकायले आवडून राहिली ना मामाजी! नाव बदलवू, मोरपंखी म्हनू, झालं!"

नाही. पऱ्हाच. पण पुढचा रंग मी नाही ठरवणार. कार्ड शकुनच्या हातात दिलं आणि दोघं बांधीवर गेलो. तिनं घाई केली नाही. पातं चुरगाळून पाहिलं, उलटं करून पाहिलं. मग एका पट्टीवर बोट ठेवलं. मी ती कधीच घेतली नसती. तोंड मिटून ठेवलं — सोपं नाही ते!

२५ जून

रात्रभर विचार केला. रंग तिचा, मग बाकीचंही तिला विचारावं. सकाळी घड्याळ तिच्या हातात दिलं. म्हटलं, काटे बारीक वाटतात का? लांब पाहिजेत का?

तिनं ते बराच वेळ फिरवून पाहिलं. मग पदरानं काच पुसून परत दिलं.

"रंगाचं सांगितलं. काट्याचं मले काय इचारता? मले घडी पाहता कुठं येते!"