चौकडीचा निवेदक

६ ऑक्टोबर, रविवार

ठरलं! या हिवाळ्यात आमच्या मराठी मंडळातर्फे चेंबर म्युझिकच्या चार मैफिली. भय्यासाहेबांनी भर मीटिंगमध्ये त्याचं मराठी करून टाकलं — 'खोली-संगीत'. ते अध्यक्ष, वयाने अठ्ठ्याहत्तर, शिवाय त्यांचे पूर्वज भोसल्यांच्या फौजेबरोबर जबलपूरला आलेले — म्हणून कोणी हसलं नाही. मी हसलो. विनताने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला.

ही सगळी कल्पना मेघनाबाईंची. कर्नलसाहेबांच्या पत्नी, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आल्या. व्हायोला वाजवतात. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोरली बहीण — अंगाने भरलेली आणि आवाजाने कुरकुरणारी. चेलो वाजवणार अतुल खांडेकर, पुण्याहून आलेला बँकवाला. दुसरं व्हायोलिन कॉलेजातली अपूर्वा. आणि पहिलं व्हायोलिन — आमच्या सौभाग्यवती, विनता!

शाळेत असताना मिशनच्या एका मास्तरीणबाईंकडे शिकली होती. चैत्राली झाली तशी व्हायोलिनची पेटी बंद झाली, ती निवृत्तीनंतर उघडली. आता साठीच्या उंबरठ्यावर मॅडम कलाकार होऊन राहिल्या.

२० ऑक्टोबर

रिहर्सल आमच्या हॉलमध्ये. का? तर आमचा हॉल मोठा. सोफा मी ओढायचा, खुर्च्या मी लावायच्या, चहा मी करायचा.

खांडेकर म्हणतो, "काका, जरा पंखा बंद करता का? पानं उडतायत." काका! केस पिकलेत त्याचे. एक ओळ घेऊन तासभर घासत बसतात. "इथे जरा श्वास हवा." "नाही, इथे जरा कमी श्वास हवा." दवाखाना आहे की काय?

सगळी नोकरी मी फॅक्टरीत तोफांच्या चाचण्या ऐकत काढली. त्यांना निदान शेवट होता.

१७ नोव्हेंबर, रविवार

पहिली मैफल. मंडळाचा छोटा हॉल, माइक नाही, गाद्या घातलेल्या. माणसं बऱ्यापैकी आली. साबुदाणा वडे आहेत अशी बातमी फुटली होती.

चौघांनी तारा जुळवल्या. जुळवून झाल्या — आणि कडाडून टाळ्या! भय्यासाहेब पुढच्या रांगेतून म्हणाले, "वा! छोटं होतं, पण सुंदर होतं." मला तोंडात रुमाल कोंबावा लागला.

खरं वाजवणं सुरू झालं. त्याचे चार भाग, आणि मध्ये टाळ्या वाजवायच्या नसतात. लोकांनी प्रत्येक भागानंतर वाजवल्या, दुसऱ्या भागाच्या तर मध्येच. मागून एक बाई, "गाणारा कधी येऊन राहिला?"

नंतर भय्यासाहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "अनुपमजी, लोकांना काही समजलं नाही. पुढच्या वेळी आधी तुम्ही थोडं समजावून द्या ना. तुम्ही बोलता बढिया."

बोलतोच मी. फॅक्टरीतल्या प्रत्येक निरोप समारंभाला मलाच उभं करत.

१९ नोव्हेंबर

विनताला सांगितलं, निवेदन मी करणार. ती म्हणाली, "करा. पण थोडक्यात. आणि अहो — आमच्यावर विनोद नको."

म्हटलं, "तुमच्यावर करायची गरज काय? तुम्ही वाजवताच ना!"

हसली नाही.

१५ डिसेंबर, रविवार

काय दिवस होता!

हॉल भरलेला. मी उभा राहिलो आणि पहिल्या वाक्यालाच लोकांना पकडलं. म्हटलं, चार जण एकत्र वाजवतात त्याला पाश्चात्त्य लोक क्वार्टेट म्हणतात, आपल्याकडे चांडाळचौकडी म्हणतात. हॉल कोसळला. म्हटलं, आमच्या घरी दोन महिने हे चाललंय, समोरचे तिवारीजी आता माझ्याशी बोलत नाहीत — खाणाखुणा करतात. भय्यासाहेब मांडीवर थापा मारत होते. मग म्हटलं, "एक लक्षात ठेवा, तिसरा भाग एकदम हळू आहे. हळू झालं की समजायचं — चौघांपैकी कोणाला तरी पुढचं पान सापडून नाही राहिलं!"

लोक हसून हसून बेजार. बसताना टाळ्या मिळाल्या. तारा जुळवण्यापेक्षा जास्त!

मग ते वाजवायला लागले. पहिले दोन भाग ठीक. तिसरा सुरू झाला. हळू. अगदी हळू. विनता एकटीच एक लांब सूर धरून होती. कोणीतरी फुस्स करून हसलं. मग त्याच्या शेजारचा. मग "मिल गया क्या पन्ना?" — आणि अख्खा हॉल!

विनताचा गज थांबला. बाकीचे तिघे थांबले. ती खाली बघत बसली. हसणं ओसरेपर्यंत बसून राहिली. मग तिने तो भाग पहिल्यापासून पुन्हा सुरू केला. पुन्हा हसले, पण कमी. अपूर्वाचे डोळे भरले होते. इतकं मनाला लावून घ्यायचं असेल तर लोकांपुढे बसू नये.

वडे घेताना निदान दहा जणांनी माझा हात हातात घेतला. "मजा आला, अनुपमजी!"

१६ डिसेंबर

सकाळी चहा घेताना मी विचारलं, "रागावलीस?"

"नाही."

"मग?"

"तुमचं बोलणं लोकांना फार आवडलं. माझं वाजवणं कोणाला ऐकूच आलं नाही." कप उचलून आत गेली.

आता हे काय बोलणं झालं? हॉल कोणामुळे भरला? वड्यांमुळे आणि माझ्यामुळे!

२२ डिसेंबर

चैत्रालीचा बंगळूरहून फोन. कोणीतरी माझ्या भाषणाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला, तो फिरत फिरत तिच्यापर्यंत गेला. मला वाटलं, कौतुक करेल.

"बाबा, वो फनी नहीं था."

"अख्खा हॉल हसला."

"हां, मम्मी पे हसला ना. तुम्ही नेहमीच असं करता. माझ्या लग्नात पण केलं होतं." मग म्हणाली, "चलो, मीटिंग आहे," आणि ठेवला.

आजकालच्या पोरांना विनोद कळत नाही. मराठीही धड कळत नाही, तो भाग वेगळा.

४ जानेवारी

घर शांत. रिहर्सल आता अपूर्वाकडे, चेरीतालला होतात. कोणी मला काही सांगितलं नाही, विनता पेटी घेऊन रिक्षात बसली, एवढंच. सोफा जागच्या जागी. पंखा पाहिजे तेवढा लावतो. बातम्या पाहिजे तेवढ्या मोठ्याने ऐकतो.

सुख आहे.

७ जानेवारी

भय्यासाहेबांचा फोन. घसा खाकरून खाकरून बोलत होते. "अनुपमजी, ते... या वेळी असं ठरलं की कोणी बोलणार नाही. डायरेक्ट वाजवतील. विनताताईंचं म्हणणं होतं."

"काहून? लोकांना समजणार नाही मग."

"नसू दे समजत," म्हणाले. खोली-संगीतवाले भय्यासाहेब हे म्हणतायत!

मी म्हटलं, तसंही रविवारी मला काम आहे.

१२ जानेवारी, रविवार

काम नव्हतं. ग्वारीघाटावर जाऊन बसलो. नावाडी मागे लागला, "बाबूजी, उस पार?" गेलो. पलीकडे काय करायचं ते सुचेना. त्याच नावेने परत आलो. तो म्हणाला, "बस?"

घरी येतो तर भय्यासाहेबांचा फोन. "काय सांगू तुम्हाला! शेवटी टाळ्याच नाही वाजवल्या कोणी. हिम्मत नाही झाली हो. नुसते बसून राहिलो सगळे. माझे तर डोळे भरून आले."

म्हटलं, वड्यात मिरची जास्त झाली असेल.

ते हसले नाहीत. तेही.

विनता आली, जेवली.

९ फेब्रुवारी, रविवार

शेवटची मैफल. गेलो. कोणाला न सांगता, सुरू झाल्यावर, सगळ्यात मागे चपलांजवळ बसलो.

थट्टा लिहायची म्हणून गेलो होतो. पहिल्या भागात दोन-तीन गोष्टी जमवल्यासुद्धा — खांडेकर वाजवताना दात काढल्यासारखा दिसतो, कर्नलसाहेब पाठ ताठ ठेवून झोपू शकतात, वगैरे.

मग हळू भाग आला. हॉलमध्ये कोणी हललं नाही. सुरू करण्याआधी विनताने मान वर केली आणि नुसता श्वास घेतला. बोलली नाही, खूण केली नाही. श्वास घेतला, आणि तिघांनी एकदम गज टेकवले. एवढ्या माणसांसमोर तिघं जण माझ्या बायकोच्या श्वासाकडे कान लावून बसले होते. घरी ती श्वास घेते तेव्हा मी बोलायला लागलेलो असतो.

मला त्या संगीतातलं काही कळत नाही. कळलं असं लिहिलं तर खोटं होईल. पण ती वाजवत होती ती बाई माझ्या ओळखीची नव्हती. कोणाचं काही विचारत नव्हती, कोणाकडे बघत नव्हती, आणि तिला कशाची भीती वाटत नव्हती. आमच्या घरात मी हिला कधी पाहिलं नाही. उठून बाहेर जावंसं वाटलं, पण पायाखाली चपला वाजल्या असत्या. बसून राहिलो.

वाटेत सगळं ठरवलं. सांगायचं — 'विनता, फार सुंदर वाजवलंस. डिसेंबरात मी गाढवपणा केला.' दोन वाक्यं. तिवारीजींच्या फाटकाशी एकदा पुटपुटून पण पाहिली.

ती आली. चेहरा असा उजळलेला! पेटी ठेवली आणि म्हणाली, "तुम्हाला पाहिलं मी मागे. कसं वाटलं?"

माझं तोंड उघडलं, आणि त्यातून आलं — "चहा फक्कड होता आज."

तिने खांद्यावरची शाल काढली. मग हसली. चांगली मोकळी हसली. मला फार बरं वाटलं. म्हटलं, चला, मिटलं. बाकीचं उद्या बोलू.

१० फेब्रुवारी

विनता सकाळपासून बाहेर. उद्या बोलू.

११ फेब्रुवारी

अपूर्वाच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या होत्या. विनताने त्या घेतल्या. आज दुपारी कपडे घेऊन गेली, चैत्रालीला आधीच सांगितलं होतं. दारात म्हणाली, "अनुपम, मी भांडून नाही जात आहे." लग्नाला तेहतीस वर्षं झाली, 'अहो' सोडून तिने मला कधी हाक मारली नव्हती. मग ती थांबली — मला बोलता यावं म्हणून, खरंच थांबली — आणि मला एक शब्द सुचला नाही.