कॅम्पाच्या भिंतीवर सासूबाईंचं नाव

४ नोव्हेंबर, मंगळवार
धान कापणी लागली. वर्गात सव्वीसपैकी अकरा पोरं. मुख्याध्यापक म्हणे, हजेरी वाढवा. कुठून वाढवू, धानाच्या बांधीतून धरून आणू?

घरी आली तर फॉर्म वाट पाहून राह्यला होता. मुलचेऱ्याच्या रस्त्यावरच्या जुन्या निर्वासित कॅम्पाचं म्युझियम केलं ना, तिथल्या समितीचा. पूर्व बंगालातून येऊन त्या कॅम्पात राह्यलेल्या सगळ्यांची नावं काळ्या दगडाच्या भिंतीवर कोरणार म्हणे. १७ तारखेपर्यंत द्यायचा. बिमलनं माझ्याकडं सरकवला. "तू मास्तरीण, तूच भर." नवऱ्याचे हात फक्त जाळं टाकाले.

सोपं काम. नाव शेफाली, वडील हरिपद. मूळ गाव सासूबाईंले विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे बौमा, नंतर." मले त्या सून म्हणून बौमाच म्हणतात. मच्छी धूत होत्या. धुतलेली मच्छी पुन्हा धुतली. काय बिनसलं कळलं नाई.

९ नोव्हेंबर, रविवार
सासूबाईंले स्कुटीवर बसवून कॅम्प पाहून आली. बिमल तलावावर.

टिनाचे लांब शेड, आता पिवळे रंगवलेले. दारात सेल्फी पॉइंट. मले हसू आलं, त्यांले नाई. चौकीदार मडावी भाऊ म्हणे, "बाई, या शेडचे लाकडं आमच्या आज्यानं जंगलातून आनले. त्याचं नाव लिवतात का भिंतीवर?" समितीले विचारा म्हटलं. पळपुटं उत्तर.

आत जुन्या रजिस्टरचं पान मोठं करून लावलं. प्रमुख हरिपद, बायको, दोन मुलं, एक मुलगी शेफाली, वय ५. मी खुशीत ओरडली, "मा, ह्या पाहा तुमी!" त्यांनी नावावर बोट ठेवलं अन् म्हणाल्या, "ही मी नाई."

पुढचं बाहेर मोहाच्या झाडाखाली सांगितलं. अर्धं बंगाली, अर्धं आपलं. विसरायच्या आत लिहिते.

हरिपदची शेफाली वाटेतल्या मोठ्या कॅम्पात तापानं मेली. नाव यादीतून काढलं नाई, शिधा माणशी मिळे. सासूबाईंची आई विधवा. जमीन द्यायची ती घरात मोठा पुरुष असंल त्याले. एकट्या बायांले दुसरीकडं आश्रमात ठेवत. तर इकडं पाठवायच्या आधी डोकी मोजली, त्या दिवशी आईनं पोरीले हरिपदच्या रांगेत उभं केलं. "बाबूनं विचारलं, शेफाली कोण? मी हात वर केला. आईनंच शिकवलं होतं." आई मागं राह्यली. नंतर भेट नाई, चिठ्ठी नाई.

"मग मा, तुमचं खरं नाव?"

"घरी खुकी म्हणत."

खुकी म्हणजे छोटी पोरगी. बंगाल्यांत कोणत्याही घरातली. "चांगलं नाव ठेवलं होतं का नाई, मले ठावं नाई," म्हणाल्या.

अगं बाई! जन्मभर मेलेल्या पोरीच्या नावाले ओ देत आली ही बाई. येताना स्कुटी दोनदा बंद पाडली मी.

१० नोव्हेंबर, सोमवार
दिवसभर एकच. माझ्या लग्नात काकूनं तांदळाचं ताट आणलं होतं, नवरीचं नवीन नाव लिहाले. सासूबाई केवढ्या चिडल्या! "हिचं आहे तेच नाव राहील." मी समजली, बंगाल्यांत पद्धत नसंल. आता काय समजू?

बि.ले सांगितलं. चुकलं का? आधी हसला, मग भडकला. "आधार, रेशन, जमीन, सगळे कागद शेफाली हरिपदचे. कागदाचे दिवस आहेत, अशा गोष्टी तोंडातून काढायच्या नाईत. अन् माझा आजा तोच. मी खांदा देल्ला त्याले." मग तलावावर निघून गेला. जेवला नाई.

त्याचंही खोटं नाई. हेच तर वाईट.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सासूबाईंनी स्वतःच विषय काढला. फॉर्मवर शेफालीच लिही म्हणे. मी सुटली! पण पुढं म्हणाल्या,

"हरिपदबाबा मले शेफाली म्हणून जेवाले बोलवायचे अन् मान खाली घालायचे. त्या पोरीसाठी मोठ्यानं रडता नाई आलं त्यांले. मी समोर बसली राहायची ना. नाव तिचं लिही."

"अन् तुमचं?"

त्या सूप घेऊन तांदूळ पाखडाले बसल्या.

म्हणजे भिंतीवर शेफाली कोरलं की बि.ले वाटंल आईचं नाव, सासूबाईंले वाटंल त्या पोरीचं. ओळ एक, बाया दोन. अन् खुकी कुठीच नाई. डोकं चालेनासं झालं. चौथीचे गणिताचे पेपर तसेच पडले आहेत.

१५ नोव्हेंबर, शनिवार
फॉर्म द्यायला दोघी गेलो. टेबलावरच्या पोरीनं वाचलं. शेफाली, वडील हरिपद. मान वर केली, "आजी, हे तुमीच ना?"

बस, हो म्हणायचं होतं.

"नाई. ती मेली."

मागं रांग. समदे पाहून राह्यले. पोरगी बिचारी गडबडली, "मग आजी, तुमचं नाव सांगा. ते लिहू." सासूबाई माझ्याकडं पाहू लागल्या. मी फॉर्म ओढून घेतला. "चुकीचा भरला, सोमवारी देतो." भित्री म्हणा मले, काईही म्हणा.

परत निघालो. नाल्याच्या पुलावर मागून आवाज आला, "बौमा, तू शाळेत पोरांची नावं लिहिते. मले एक ठेवून दे ना."

गाडी बाजूला घेतली. रडली मीच. त्यांनी पदरानं माझंच तोंड पुसलं.

बि.नं विचारलं, "देल्ला का फॉर्म?" हो म्हटलं. लग्नानंतरचं पहिलं मोठं खोटं.

१६ नोव्हेंबर, रविवार
चार नावं लिहिली, चारही खोडली. एक माझ्या आईचं निघालं. एक फार नवं, दुसरीतल्या पोरीसारखं. माणूस बाळाचं नाव ठेवते तेव्हा ते बाळ अजून कोणीच नसते. ह्या बाईनं तीन पोरं वाढवली, नवरा पोचवला, ह्या घरात मले आणलं. हिले मी काय म्हणू? अन् उद्या भिंतीसाठी कोणतं देऊ, जुनं का नवं? जुनं देल्लं तर ह्या नाईत, नवं देल्लं तर बि. अन् ते सगळे कागद.

सासूबाई अंगणात धान वाळवून राह्यल्या आहेत. सकाळपासून दोनदा खिडकीशी येऊन गेल्या, हळूच विचारतात, "सुचलं का?"