सुईची चपटी बाजू

जुळे सोलापूर,
१८ नोव्हेंबर

प्रिय वैष्णवी,

पाकिटातून एक पिवळी चिंधी बाहेर पडली असेल. ती आत्ता उलगडू नकोस, उशीखाली सारून ठेव आणि आधी पत्र वाच. तू जिला आत्या म्हणतेस त्या सासूनं फोन सोडून एवढं लांबलचक पत्र लिहिलं म्हणून घाबरूही नकोस, इथं सगळं ठीक आहे. तुझे मामंजी रोज सकाळी फिरायला जातात, येताना कोपऱ्यावर भजी खातात आणि घरी येऊन मला सांगतात की आज भूकच नाही गं. अजिंक्यचा काल पुण्याहून फोन आला होता, तू वैरागला गेल्यापासून पोरगं नुसतं खिचडीवर आहे. मलाही फोनवर बोलता आलं असतं. पण मी बोलायला लागले की माझं तोंड माझ्या पुढं धावतं, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? सगळा घोळ या तोंडानंच केलाय. म्हणून म्हटलं, आता हातानं लिहावं. हाताला जरा तरी लाज आहे.

तुला सातवा लागला. पायांना सूज असेल तर पाय वर घेऊन बसत जा, आणि माहेरी आहेस म्हणून लाडानं नुसतं गोड खाऊ नकोस. तुला एक बातमी सांगितलेली नाही. मी गेले सहा महिने शिवणक्लासला जातेय. हसू नकोस! चोपन्नाव्या वर्षी, विजापूर रोडच्या क्लासमध्ये, बावीस-बावीस वर्षांच्या पोरींच्या मधे बसून. पहिल्या आठवड्यात मी उशीची खोळ चारही बाजूंनी शिवून बंद केली आणि मग उशी कुठून घालायची म्हणून शोधत बसले. क्लास डोक्यावर घेतला पोरींनी. पण आता झबली, परकर, साधा ब्लाउज येतो. गळा अजून जरा तोंड वाकडं करतो, पण येतो. मामंजींनी माझी खोळ उशीला घातलेली बघितली आणि म्हणाले, वाढदिवसाला साडी नको, आता घरात मशीन घे.

मशीन घेणं म्हणजे काय सोपं वाटलं होतं मला. क्लासच्या बाईंनी बजावलं होतं, दुकानात रिकाम्या हातानं जायचं नाही, आपण जे शिवतो ते कापड पिशवीत घेऊन जायचं आणि त्यावर टीप मारून बघायची. म्हणून मंगळवारी मलमलचा तुकडा, खणाचा तुकडा आणि जुन्या सोलापुरी चादरीची कड घेऊन नवी पेठेत गेले. दुकानदार सिद्धराम म्हणून आहे, वडिलांच्या वेळेपासून मशीनच विकतोय, दुरुस्तीही स्वतः करतो. मी गेल्या गेल्या म्हटलं, सगळ्यात चांगलं दाखवा. तर तो माणूस उठलाच नाही. म्हणाला, "काकू, आधी सांगा, शिवणार काय? रोज बसणार का सणासुदीला? घरात ठेवायला जागा किती?" मला वाटलं, हा काय मुलगी बघायला आलाय का काय! पण मग एकेक दाखवलं. एक पायाचं, काळं, जुन्या पद्धतीचं, वीज गेली तरी चालणारं. एक मोटरचं पांढरं, उचलून कपाटात ठेवता येईल असं, नागमोडी टाका, काज, पिको सगळं करणारं. आणि एक बटणांचं, त्यात शंभर नक्ष्या. ते तो मला दाखवेचना. म्हणाला, "पन्नास दिवस शिकण्यात जातील, आणि शिवाल शेवटी सरळ टीपच." मला त्याचं पटलं. पांढऱ्यावर मलमल घातलं, सुरेख टीप आली. चादरीची कडसुद्धा गपकन खाल्ली त्यानं. मी मनात घेतलंच होतं ते. पिको-फॉलचं गल्लीतलं सगळं काम आपल्याकडे, इथपर्यंत पोहोचले होते मी.

मग सिद्धरामनं त्यातली सुई काढून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाला, "आता तुम्ही लावा बघू. चपटी बाजू मागं. सुई उलटी लागली की टाके सोडतं, आणि लोक मशीनला शिव्या घालतात. मशीन बिचारं काय बोलणार?" तो सगळ्याच गिऱ्हाइकांना असं सांगत असणार. पण वैष्णवी, माझ्या हातातून सुई खाली फरशीवर पडली आणि ती उचलायचंही मला सुचेना. त्याला वाटलं मला चक्कर आली, त्यानं पाणी मागवलं. मी पाणी प्याले, पिशवी उचलली आणि मशीन न घेताच घरी आले. मामंजींना सांगितलं, रंग आवडला नाही.

आता तुला खरं सांगते. चार वर्षांपूर्वी, तुझ्या लग्नात रुखवतात तुझ्या अण्णांनी पायाचं मशीन मांडलं होतं, वर तू विणलेला क्रोशाचा रुमाल. सगळ्या बायका तिथंच घोटाळत होत्या. महिन्याभरात गल्लीतल्या बायका तुझ्याकडे ब्लाउज घेऊन यायला लागल्या. "सून लई गुणाची मिळाली की हो," असं मला तोंडावर सांगायच्या आणि मी हसायची. पण आतून जळायची. खरंच सांगते, जळायची. या घरात तीस वर्षं मी राबले, कुणी माझ्या हाताचं असं नाव घेतलं नाही, आणि तू चार महिन्यांत खोलीभर बायका जमवल्यास. पहिल्या पंचमीला तू माहेरी गेलीस तेव्हा दार लावून मी तुझ्या मशीनवर बसले. म्हटलं, त्यात काय एवढं, पाय हलवायचा. पाचव्या मिनिटाला सुई मोडली. मी घाबरले, तुला कळू नये म्हणून मशीनच्या खणातली नवी सुई काढली आणि बसवली. कशी बसवायची असते ते मला कुठं ठाऊक? गोल भोकात गेली, स्क्रू आवळला, झालं. मग मशीन टाके सोडायला लागलं. एक टाका पडायचा, तीन गळायचे.

नेमकी त्याच वेळी शेजारची भुवनेश्वरी विरजण मागायला आली. तिनं दार ढकललं, मला मशीनवर बघितलं, ती पिवळी चिंधी बघितली आणि विचारलं, हे काय हो वहिनी? तेव्हा मी म्हणू शकले असते, मला येत नाही. तीन शब्द होते. पण सुनेच्या मशीनवर चोरून बसलेली सासू आणि वर तिला येत नाही, हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, "काय सांगू, व्याह्यांनी जुनंच मशीन रंग देऊन रुखवतात मांडलं. आता कळतंय." झालं की. भुवनेश्वरीची बहीण वैरागलाच दिलेली. दोन दिवसांत तुझ्या दारापर्यंत गेलं ते. तुझे अण्णा बाजार समितीत तोलार. आयुष्यभर दुसऱ्यांचं धान्य तोललं, एका दाण्याला कुणी बोट दाखवलं नाही, आणि मी त्यांच्यावर खोट्या मापाचा आळ घातला. तोही दुसऱ्या बाईपुढं, विरजणाची वाटी हातात असताना.

याहून वाईट पुढचंच आहे, तेच लिहायला मला तीन दिवस लागले. तुम्ही परत यायच्या आदल्या दिवशी मशीनच्या खणात मला छोटं पुस्तक सापडलं. त्यात सुईचं चित्र होतं, चपटी बाजू कुठं हवी ते दाखवलेलं. मी सुई काढली, फिरवून लावली आणि त्याच चिंधीवर, आधीच्या टिपेच्या खाली, दुसरी टीप मारली. मोत्याची माळ असते की नाही, तशी पडली गं. म्हणजे तुझे अण्णा तुला घेऊन आले तेव्हा मला सगळं कळलेलं होतं. ते टेम्पो घेऊनच आले होते. चहा ठेवते म्हटलं तर हात जोडून उभे राहिले. "विहीणबाई, दुकानदारानं फसवलं आसंल आमाला. तुमी मनात काय आणू नका. म्या बदलून देतो." तू पुढं झालीस, मशीनच्या चाकाला हात लावलास आणि म्हणालीस, मी एकदा चालवून बघते. आणि मी म्हटलं, राहू दे, आता कशाला. आठवतं तुला? मला तर ते रोज आठवतं. तू चार टाके मारले असतेस तर मी उघडी पडले असते. अण्णांनी मशीन चादरीत बांधलं, खांद्यावर घेतलं आणि जिना उतरले. साठीचा माणूस. मी वरून बघत होते. त्यांनी एका वळणावर थांबून श्वास घेतला, आणि मी तेव्हाही तोंड उघडलं नाही. एरवी हे तोंड कधी बंद असतं?

त्यानंतर तू म्हणालीस, दुसरं मशीन नको, मला शिवायचंच नाही. मी भुवनेश्वरीला वर सांगितलं, हौस फिटली वाटतं. तुम्ही पुण्याला गेलात. त्या जानेवारीत अण्णांनी हुरडा पाठवला. पिशवीच्या तळाशी सुयांचं एक पाकीट होतं, दहा सुयांचं, कोरं. चिठ्ठी नाही, काही नाही. मामंजी म्हणाले, चुकून पडलं असेल. मी होय म्हटलं. पण मला कळलं होतं की त्यांनी मशीन कुणालातरी दाखवलं असणार, आणि मशीनला काही झालेलं नव्हतं हे त्यांना ठाऊक झालं होतं. तरी त्या माणसानं ना तुला सांगितलं, ना गल्लीत, ना मला. दिवाळीला भेटले तेव्हासुद्धा आधी माझ्या गुडघ्यांचीच चौकशी केली. लेकीला सासरी नांदायचं आहे, म्हणून गिळलं त्यांनी. माझ्या पोटात ते पाकीट चार वर्षं टोचतंय. मी क्लास लावला तोही याच्यापायी. वाटलं, शिवायला शिकले की पाप फिटेल. कसलं फिटतंय! जितकं शिकले तितकं कळत गेलं की तुझ्या हातातून मी काय काढून घेतलं.

काल भुवनेश्वरीला घरी बोलावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अय्यो वहिनी!" ती हे पोटात ठेवणार नाही, याचा मला आयुष्यात पहिल्यांदा आनंद झालाय. खोटं जसं दोन दिवसांत वैरागला आलं तसं खरंही येईल. पण बाहेरून कानावर यायच्या आत माझ्याकडून यावं, म्हणून हे पत्र. आणि हे पत्र वैष्णवी, नावानं तुझं असलं तरी तुझ्या एकटीचं नाही. अण्णा संध्याकाळी बाजार समितीतून आले, हातपाय धुऊन ओसरीवर टेकले, की त्यांच्या समोर बस आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाच. आई स्वयंपाकघरात असेल तर तिलाही बाहेर बोलाव. माझ्या जळण्याचं वाचताना आवाज खाली आणू नकोस, सासूची अब्रू झाकू नकोस, मी तुझ्या वडिलांची झाकली नव्हती. मी मशीन अजून घेतलेलं नाही, सिद्धरामला म्हटलंय थांबा. बाळाचं पहिलं झबलं मला अण्णांकडे अजून पडून असलेल्या तुझ्या मशीनवर शिवायचंय, अण्णांच्या ओसरीवर, सुई त्यांच्यासमोर बसवून, आणि चुकली तर तू हात धर. नंतर ते मशीन तुझं तू पुण्याला ने. पण हे सगळं अण्णा 'या' म्हणाले तर. नाही म्हणाले तरी त्यांचं बरोबर आहे. तू मला गोड करून सांगू नकोस, नाही एवढंच कळव, मी बारशालाही मागं उभी राहीन. आता चिंधी उलगड. वरची टीप बघ, खालची बघ. आणि मग ती अण्णांच्या हातात दे.

तुझीच,
आत्या